बिल्ल्याखालचं लाकूड

स्नूकरची क्यू कुणी माझ्या हातात दिली की मी आधी तिचं बूड बघतो. देणाऱ्याला ते जरा विचित्र वाटतं, कारण मुठीवरचा बिल्ला नेमका माझ्या डोळ्यांसमोर येईल अशा बेतानं त्यानं ती पुढे केलेली असते. बिल्ल्यावर कंपनीचं नाहीतर एखाद्या चॅम्पियनचं नाव असतं, शेजारी ‘हँडमेड’ असं कोरलेलं असतं, आणि त्याला विचारायचं असतं ते एवढंच, की दिले तेवढे पैसे वाजवी होते का. आमच्या जिमखान्यात हे काम माझ्याकडे कसं आलं कोण जाणे. मी काही पट्टीचा खेळाडू नाही. चाळीसचा ब्रेक, म्हणजे एका खेपेत चाळीस गुण, झाला तर आठवडाभर सांगत फिरणाऱ्यांतला. पण पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, उभी हयात गेली. त्यामुळे लाकूड असो नाहीतर लोखंड, एखादी वस्तू कुणी कशी घडवली असेल हे तिच्याकडे बघून ताडायची खोड जडली आहे.

बुडाकडे बघायला मात्र शिकवलं आमच्या मार्करनं. बिलियर्ड रूम सांभाळणाऱ्याला क्लबांतून मार्करच म्हणतात. टेबलाला ब्रश मारणं, कापडावरून इस्त्री फिरवणं, गुण मांडणं, क्यूच्या टोकांना टिपा बसवणं ही त्याची कामं. शिवाय एखादा सभासद एकटाच आला तर त्याच्याशी खेळायचं आणि शक्यतो थोडक्यात हरायचं, हेही त्यातच आलं. ऐंशीच्या दशकात मी सभासद झालो तेव्हा आमचे मार्कर साठीला टेकले होते. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला, मिसरूड नुकतं जाड होत असूनही, साहेबच म्हणत. विल्सन जोन्स यांचा विषय निघाला की काका हातातला ब्रश खाली ठेवायचे. जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकलेले; वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. स्नूकर हा खेळच मुळात आपल्याकडे, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं जुळवला असं मानतात. खेळ इथला, पण क्यू बोटीनं यायच्या, याचं काकांना कायम नवल वाटे.

भिंतीवरच्या स्टँडमध्ये अशा बोटीनं आलेल्या बऱ्याच क्यू होत्या. बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, रायली अशी नावं बिल्ल्यांवर दिसत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विलायतेत खेळाडूंच्या नावाच्या क्यूंचं पेव फुटलं होतं. वॉल्टर लिंड्रमनं १९३२ साली लंडनमध्ये बिलियर्ड्सचा ४१३७ गुणांचा ब्रेक केला आणि मग तो आकडा बिल्ल्यावर मिरवणाऱ्या क्यू दुकानांत आल्या. लिंड्रमनं त्यांतल्या एकीलाही हात लावलेला नसणार, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असे. एखादा नवा सभासद अशी क्यू स्टँडमधून काढून बिल्ला वाचू लागला की काका माझ्याकडे बघून हसत.

“साहेब, बिल्ल्याला काय, दोन थेंब सरस लागतो,” ते म्हणायचे. “बूड बघा. तिथं पॉलिश करायला कुणी जात नाही.”

बुडाशी काय दिसतं ते सांगतो. स्नूकरच्या क्यूचा दांडा बहुतेक वेळा ॲशचा, कधी मेपलचा. ॲशचं लाकूड लांब, सरळ धाग्याचं, चिवट. विलायतेत हातोड्यांचे दांडे याचेही करतात. पण ॲश हलकं असतं. क्यूचं वजन साधारण पाचशे ग्रॅमच्या आसपास हवं, आणि त्यातलं बरंचसं मागच्या हाताकडे हवं. म्हणून मुठीकडे आबनुसासारखं जड लाकूड जोडतात. आबनूस इतकं जड, की पाण्यात टाकलं तर तळ गाठतं. या जोडणीला स्प्लाइस म्हणतात, आणि क्यू हातानं केली की यंत्रानं, हे बहुतांशी तिथंच कळतं.

हाताच्या पद्धतीत ॲशचा दांडा थेट बुडापर्यंत जातो. कारागीर दांड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू रंधा मारून सपाट करतो, म्हणजे बुडाकडे जास्त खोल आणि वर येता येता उथळ अशा. त्यांवर आबनुसाच्या फळ्या सरसानं चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवतो. सुकलं की जादा लाकूड काढून टाकतो आणि उरलेल्या दोन बाजूंना तेच सगळं पुन्हा करतो. शेवटी मूठ गोल केली की चारी बाजूंनी आबनुसाच्या जिभा वर चढलेल्या दिसतात आणि त्यांची टोकं कमानीसारखी गोलसर असतात. हे मुद्दाम दिलेलं वळण नव्हे. गाजराला तिरकी सुरी लावली की कापाची कड जशी वळत जाते तशीच ही वळते. निमुळत्या गोलाला सपाट पातं लागलं की दुसरं काही होऊच शकत नाही. आणि बूड उलटं करून बघितलं तर मधोमध ॲशचा फिकट चौकोन, भोवती चार काळ्या बाजू.

यंत्राच्या पद्धतीत ॲशच्या मागच्या टोकाला करवतीनं खाचा पाडतात, आबनुसाच्या ठोकळ्याला त्यांच्या उलट खाचा, आणि दोन्ही एकमेकांत दाबून बसवतात. लेथवर फिरवून गोल केलं की टोकं सुईसारखी अणकुचीदार निघतात, चारी एका उंचीवर. ॲश वरच संपलेलं असतं, त्यामुळे बूड सगळंच्या सगळं काळं. तिसरा प्रकार सगळ्यात स्वस्त. त्यात स्प्लाइसचं नुसतं चित्र छापलेलं असतं. नखानं खरवडलं की कळतं.

आता आयुष्यभर यंत्रांच्या संगतीत काढलेला माणूस म्हणून सांगतो, यंत्राचा हा सांधा मुळीच कच्चा नाही. खाचांमुळे सरसाला भरपूर जागा मिळते आणि तो घट्ट बसतो. कधीकधी तर वाटतं, या दोहोंत पावसाळ्याला जास्त पुरून उरणारा तोच. आमच्या जिमखान्यातल्या जुन्या, हाताच्या क्यूंचे स्प्लाइस जुलै-ऑगस्टात हमखास उचलायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो जुना सरस ओल लागली की मऊ पडतो, आणि दमटपणानं ॲश आणि आबनूस सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. बोट फिरवलं की सांध्याची रेघ लागायची. काका तिथं दोऱ्यानं आवळून क्यू कपाटावर आडवी ठेवून देत. मग हाताच्या क्यूला लोक एवढे जास्त पैसे का मोजतात? नुसत्या गोल कमानींसाठी? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता आणि काकांकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्यांच्या मते जुनं ते चांगलं, आणि तिथं विषय संपला.

काका निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी कमिटीनं बिलियर्ड रूमचं नूतनीकरण काढलं. नवे दिवे आले, एसी आला, आणि जुन्या क्यू भंगारात काढायचं ठरलं. सभासदांना हव्या तर घ्या म्हणाले. बिल्लेवाल्या क्यू पहिल्या दिवशीच गेल्या. खाली उरलेल्या गठ्ठ्यात एक बिल्ला नसलेली क्यू होती. बिल्ल्याची लांबट खाच होती, आत वाळलेला सरस होता, पाटी गळून पडलेली. बूड पाहिलं, फिकट चौकोन होता. एक स्प्लाइस उचललेला, टिप नाही, ती जिच्यावर बसते ती पितळी कडी, म्हणजे फेरुल, सैल. पण टेबलावर लोळवून बघितली तेव्हा ती सबंध लांबीत कुठं उचलली गेली नाही. इतकी वर्षं स्टँडला टेकून राहिलेली क्यू सरळ राहते हे आश्चर्यच. मी ती रद्दीच्या भावात घरी आणली आणि पडद्याच्या दांडीला उभी टांगून ठेवली. सौभाग्यवतींनी बरेच दिवस ती जाळी काढायची काठी समजून वापरली असावी असा मला संशय आहे.

२०१३ च्या सुमारास कंपनीनं मला एका मशीनच्या कामासाठी काही महिने इंग्लंडला पाठवलं. ती क्यू सोबत न्यायचं ठरवलं. पण अखंड क्यू म्हणजे जवळपास पावणेपाच फूट. अलीकडच्या क्यूंसारखी मध्ये उघडून दोन तुकड्यांत भरायची सोय नाही. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप कापला, दोन्ही टोकांना झाकणं बसवली आणि आत जुनं बेडशीट कोंबलं. भीती उगाच नव्हती. स्टीव्हन हेंड्रीची क्यू २००३ साली बँकॉकहून परतताना विमानप्रवासातच मोडली होती. त्याच क्यूनं त्यानं सातही जागतिक विजेतेपदं मिळवली होती. पोरवयात विकत घेतलेली ती क्यू. किंमत चाळीसेक पौंड. सात वेळा जगज्जेता झालेल्या माणसाच्या हातात एखाद्या मोठ्या कारागिराचं नाव असलेली क्यू नव्हती, हे माझ्या प्रश्नाला आणखी गुंतवणारं होतं.

इंग्लंडमध्ये कामाच्या ठिकाणच्या एका सहकाऱ्यानं उत्तरेकडच्या एका छोट्या गावातल्या क्यूवाल्याचा पत्ता दिला. घरामागच्या शेडमध्ये एकटाच काम करणारा, सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ. मी पाइपातून क्यू काढून दिली, तर त्यानंही ती आधी उलटी केली. मला काकांची आठवण होऊन हसू आलं, पण ते त्याला समजावून सांगणं कठीण होतं.

त्यानं क्यू वाचली असंच म्हणायला हवं. सरसावरून म्हणाला, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची असेल. आबनूस चांगल्या प्रतीचं आहे, हल्ली एवढं काळंभोर मिळत नाही. मी त्याला सांगितलं की आबनुसाचा सख्खा चुलतभाऊ आमच्याकडे रानोमाळ उगवतो, त्याला टेंभुर्णी म्हणतात आणि त्याच्या पानांत आम्ही तंबाखू गुंडाळून ओढतो. हे त्याला इतकं आवडलं की दुरुस्तीचा भाव त्यानं थोडा उतरवला असावा. क्यू कुणी केली असेल, असं विचारल्यावर मात्र त्यानं मान हलवली. त्या काळच्या मोठ्या कंपन्यांत पाच-सहा कारागीर सारख्याच क्यू करायचे, नाव कंपनीचं लागायचं. बिल्ला गेला की नाव गेलं.

दुरुस्तीला वेळ लागणार होता, आणि मला शनिवार-रविवारी दुसरं काम नव्हतं. मी तिथं जाऊन बसू लागलो. त्यानं ना नाही केली. फक्त मध्ये बोलू नकोस म्हणाला, आणि मग तासन्‌तास स्वतःच बोलत राहिला.

शेडमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला ॲशच्या चौकोनी पट्ट्यांची चवड होती, प्रत्येकीवर पेन्सिलीनं तारीख. लाकूड आणलं की लगेच कापायचं नाही. थोडं रंधायचं आणि ठेवून द्यायचं. रंधा मारला की आतला ताण मोकळा होतो आणि पट्टी कुठंतरी वळते. मग काही आठवडे, कधी महिने थांबायचं, पुन्हा थोडं रंधायचं. सरळ राहिली तर पुढची पायरी. हे ऐकून मला आमच्या टूलरूमची आठवण झाली. कास्टिंगचे ताण निघून जावेत म्हणून आम्हीही रफ मशीनिंग करून काम बाजूला ठेवत असू. फरक इतकाच की आमचं वाकलं तर नवीन मागवता यायचं.

मग तो पट्टी उचलून डोळ्यासमोर धरायचा, बोटांनी एका टोकाशी टिचकी मारायचा आणि दुसरं टोक कानाशी न्यायचा. वरवर बघता दहा पट्ट्या एकसारख्या. त्यातल्या काही खणखणीत वाजायच्या, काहींचा आवाज आतल्या आत मरायचा. रेषा किती जवळजवळ आहेत, त्या टोकापर्यंत सरळ जातात की मध्येच दांड्याबाहेर पडतात, हेही तो बघायचा. ॲश निमुळतं होत गेलं की वर्षावर्षाचे थर पृष्ठभागावर एकामागून एक उघडे पडतात आणि बाणांची रांग दिसते. खेळणाऱ्यांना हे बाण फार प्रिय. खाली वाकून नेम धरताना कित्येक जण ते वर येतील अशीच क्यू फिरवून घेतात. बाण दांड्याच्या मधोमध, एका ओळीत हवेत तर झाड सरळ वाढलेलं हवं, आणि कापणाऱ्यानंही ते त्याच्या धाग्याबरहुकूम कापलेलं हवं. यातलं पहिलं कुठल्याच कारागिराच्या हातात नाही.

नापास पट्ट्यांचं तो काय करतो, हे मी विचारलं. त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. परसात टोमॅटोची रोपं होती, आणि प्रत्येक रोपाला उत्तम प्रतीच्या, वर्षानुवर्षं सुकवलेल्या ॲशचा आधार दिलेला होता. टोमॅटो पुष्कळ होते.

त्या परसात माझा जुना प्रश्न सुटला. हाताच्या क्यूची किंमत स्प्लाइसच्या कमानींत नाही. ती कारागीर काय फेकून देतो, त्यात आहे. कारखान्यालाही तेच ॲश मिळतं, कदाचित त्याच लाकूडवाल्याकडून. पण कारखान्याला हजार दांड्यांतून हजार क्यू काढायच्या असतात. त्यात एखादा अव्वल दांडा येतोच, आणि त्याची क्यूही इतर नऊशे नव्व्याण्णवांच्याच भावात विकली जाते. हेंड्रीला पोरवयात तसाच एक दांडा हाती लागला असेल. कारागिराकडे आपण पैसे देतो ते हा नशिबाचा भाग त्यानं आपल्यासाठी आधीच निस्तरावा म्हणून. आपल्यासाठी निवडायला तो जितका खडूस, तितकी त्याची क्यू महाग. हे मी त्याला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, बायकोसुद्धा हेच म्हणते, फक्त तक्रारीच्या सुरात.

ॲशची काळजी त्यालाही होती. आदल्या वर्षीच, २०१२ मध्ये, ॲशची झाडं मारणारी बुरशी ब्रिटनमध्ये सापडली होती. अमेरिकेतल्या ॲशला २००२ साली सापडलेला एक हिरवा किडा पोखरत होता. चवडीकडे बघत तो म्हणाला, माझ्यापुरतं आहे.

माझ्या क्यूचा उचललेला स्प्लाइस त्यानं सोडवला, जुना सरस खरवडून काढला आणि पुन्हा चिकटवला. नवं फेरुल, टिप. दांड्याला जवसाचं तेल. शेवटी बिल्ल्याची खाच उरली. त्यानं एक खण उघडला. त्यात सुटे बिल्ले होते, मोडलेल्या क्यूंवरून काढलेले. पिवळटलेले, काहींवरची कोरीव अक्षरं काळी भरलेली. दोन-तीन लावून बघितले. एक नेमका बसला. त्यावर एका जुन्या चॅम्पियनचं नाव होतं. तो म्हणाला, हा चिकटवला तर तू इथून बाहेर पडायच्या आत क्यूची किंमत पाचपट होईल, आणि कुठल्याही जाणकाराला शंका येणार नाही, कारण क्यू त्याच काळची, काम त्याच तोडीचं, बिल्लाही अस्सल. मग त्यानं तो काढून खणात टाकला आणि खाचेत एक कोरी पांढरी पट्टी बसवून दिली. त्यावर काय कोरू, असं विचारलं. मी काही नको म्हणालो. यात थोरपणा काही नव्हता. कोरायचे पैसे तो अक्षरागणिक घेणार होता.

त्या खणानं मात्र माझं बघणं बदललं. तोवर मी एकच प्रश्न विचारत असे, हाताची की यंत्राची? प्रत्यक्षात प्रश्न दोन आहेत. हातानं केली का, आणि केली असेल तर कुणाच्या. पहिल्याचं उत्तर लाकडातून मिळतं. दुसऱ्याचं लाकडातून मिळत नाही. तिथं बिल्ला, पावती, कारागिराच्या वहीतली नोंद, विकणाऱ्याची पत यांवर विसंबावं लागतं. आणि फसवाफसवी होते ती मुख्यतः दुसऱ्यात. आज ‘हँडमेड’ म्हणून ज्या क्यू स्वस्तात मिळतात त्यांतल्या कित्येक थायलंड नाहीतर चीनमधल्या कारखान्यांतून येतात. त्यांच्या स्प्लाइसच्या कमानी गोल असतात, बुडाशी चौकोन असतो, आणि त्या हातांनीच केलेल्या असतात. तिथं रांगेत बसून रंधा मारणाऱ्याचे हात काही कमी प्रतीचे हात नव्हेत. त्यांना नकली म्हणणारे लोक मला पटत नाहीत. तीच क्यू दुसऱ्याच्या नावाचा बिल्ला लावून दहापट भावात विकली, की ती नकली.

अलीकडची गोष्ट. साताऱ्याकडचा एक विशीतला मुलगा, आमच्या एका सभासदाचा भाचा, जिमखान्याच्या स्पर्धेसाठी आला होता. स्नूकर पार्लरमध्ये शिकलेला, क्यूला तो स्टिक म्हणतो. मामानं त्याला माझ्याकडे धाडलं. लंडनच्या एका नामांकित कारागिराची म्हणून त्यानं कुणा परगावच्या माणसाकडून सेकंडहँड क्यू घेतली होती, पन्नास हजारांच्या वर देऊन. दोन वर्षं साठवलेले पैसे आणि उरलेले वडिलांकडून.

मी ती उलटी केली. खाली रबराचं बूच होतं, ते काढायला सांगितलं. बूड सगळं काळं. मूठ फिरवून बघितली. चार टोकं सुईसारखी, एका उंचीत. बिल्ल्याच्या कडेनं भरलेली पुट्टी दिव्याखाली चमकत होती. ज्या कारागिराचं नाव होतं त्याची ही क्यू शंभर टक्के नव्हती.

पोराला हे सांगणं जड गेलं. तो बराच वेळ बूच हातात फिरवत होता.

“म्हणजे काका, फसवलं?”

“बिल्ल्यापुरतं फसवलं. पैशांतही फसवलं. दांडा मला बघू दे.”

दांडा बघितला. बाण मुठीपासून फेरुलपर्यंत एका ओळीत. टेबलावर लोळवली, कुठं उडाली नाही. टिचकी मारून कानाशी नेली, तर खणखणीत. त्याला म्हटलं, खेळून दाखव. त्यानं चेंडू त्यांच्या जागांवर मांडले. निळ्यावर स्क्रू मारला तेव्हा पांढरा चेंडू सरळ मागं, अगदी त्याच्या हातापाशी आला. लांबच्या लाल चेंडूवर साइड लावून मारलं, तरी पांढरा नेमाच्या रेषेतून फारसा हटला नाही. मग मी दोन फटके मारले. हातात येणारा ठोका छान, कोरडा होता. त्या उत्तरेकडच्या गृहस्थाच्या शेडमध्ये आली असती तर ही पट्टी टोमॅटोच्या वाट्याला गेली नसती.

हे सगळं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. नव्यानं घेतली असती तर अशा यंत्रावरच्या क्यूला आठ-दहा हजार पडले असते. उरलेले पैसे बिल्ल्याचे गेले, आणि ते परत मागायचा त्याला पुरेपूर हक्क आहे. बूड, टोकं आणि बिल्ल्याची कड यांचे जवळून फोटो काढून दिले, कशावरून ओळखलं ते एका कागदावर लिहून दिलं. विकणाऱ्यानं आधी फोन उचलला, मग बंद केला. मामानं पोलिसांत जायचं म्हटलं, वडील म्हणाले बघू. अर्धे पैसे बऱ्याच महिन्यांनी आले, बाकीचे बहुधा यायचे नाहीत.

क्यू त्यानं ठेवली. मी ती बघितली त्याच दिवशी त्याची पहिली मॅच होती आणि दुसरी क्यू होतीच कुठं! मला मात्र तो खोटा बिल्ला डोळ्यांत खुपत होता. उद्या यानं ही विकायला काढली तर पुढचा कुणी पुन्हा फसणार. शेवटी मी म्हटलं, आण इकडे, गरम पात्यानं पाच मिनिटांत काढून देतो, माझ्याकडे कोरी पट्टी आहे.

त्यानं क्यू मागं ओढली.

“विकणार नाही ओ काका, शपथ. पण बिल्ला राहू दे की. समोरचा तो बघून पहिल्या फ्रेमला जरा दबकतो.”